राखून ठेवलेलं पाणी

सात नंबरच्या खाटेचं पाणी परीक्षा होईपर्यंत काढायचं नाही, असं मोठे साहेब म्हणाले तेव्हा मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत. वर्षभर त्यांच्या हाताखाली राबून एवढं तरी मला कळायला हवं होतं की हा माणूस थट्टा करत नाही.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे पुढे माझं डोकं फिरलं की तुम्हाला नवल वाटायचं नाही. मी इंद्रायणी काळभोर, आकुर्डीची. आमच्या घरात जमिनीच्या वाटण्या झाल्या, विहिरीच्या झाल्या, पण राग कुणाला वाटून द्यावा लागला नाही, तो प्रत्येकाला पुरून उरला. गावातली मी पहिली डॉक्टरीण. पुण्यात शिकताना भाषा घासूनपुसून घेतली, पण डोकं तापलं की जीभ तडक आकुर्डीला जाते. एकोणीसशे छप्पन साली मी चिंचवडच्या पलीकडे माळावरच्या एका धर्मादाय इस्पितळात शिकाऊ डॉक्टर होते. शिकाऊ म्हणजे पगार नावाला, काम गळ्यापर्यंत, आणि कुणाचीही चूक झाली तरी ती आपली.

मोठे साहेब पुण्याहून मोटारीने यायचे. वॉर्ड त्यांचा, शब्द त्यांचा. त्या वर्षी फायनलच्या परीक्षेचे एक परीक्षक तेच होते, आणि कॉलेजच्या वॉर्डांत डागडुजी निघाल्यामुळे पेशंट तपासून द्यायची परीक्षा आमच्या माळावर घ्यायची ठरली. झालं! साहेबांच्या घरी लग्नच निघालं म्हणा ना. फरशा घासल्या, खाटांना रंग दिला, पडदे धुतले. आणि चांगले पेशंट राखून ठेवायला सुरुवात झाली.

चांगला पेशंट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो तोंडावर थुंकेल. ज्याच्या काळजातला बिघाड नळी लावताच खणखणीत ऐकू येतो, तो चांगला. ज्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून बेंबीपर्यंत आलीय, तो फार चांगला. आणि सात नंबरचा ज्योतीराम म्हणजे तर बावनकशी सोनं. उजव्या बाजूला फुप्फुसाच्या बाहेर पाणीच पाणी, थेट दुसऱ्या बरगडीपर्यंत. छातीवर बोटानं वाजवलं की दगडावर वाजवल्यासारखा बद्द आवाज. श्वासनलिका पाण्यानं ढकलून डावीकडे गेलेली. सगळं पुस्तकात लिहिलंय तसं. पुस्तकात पुढे असंही लिहिलंय की रोग्याला दम लागत असेल तर पाठीतून सुई घालून ते पाणी काढावं. तेवढं पान साहेबांनी मिटून ठेवलं होतं.

हा ज्योतीराम मोगलाईतल्या पाटोद्याकडचा. पिंपरीला औषधाचा कारखाना वाढवत होते, तिथं खडीच्या पाट्या वाहायचा. आधी ताप आला, मग खोकला, मग चार पावलं चाललं की धाप. मुकादमानं टांग्यात घालून आणला आणि आमच्या दारात उतरवून टांगा परत फिरवला. बायको-पोरं गावाकडे. रोग क्षयाचा, त्याच्या सुया आम्ही सुरू केल्या होत्या, नाही असं नाही. पण छातीतलं पाणी होतं तिथंच. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून बिचारा पाठीशी उशा रचून बसून झोपायचा. झोपायचा कसला, डुलक्या काढायचा.

"काळभोर, असा पेशंट पुन्हा मिळायचा नाही," साहेब म्हणाले. "मुंबईहून परीक्षक येतायत. इस्पितळाचं नाव होईल. तो काही मरत नाही तेवढ्यात."

मरत नाही! म्हणजे मरेपर्यंत सगळं चालतं.

परीक्षा जवळ आली तशी पुण्याहून पोरांची झुंबड उडाली. सकाळच्या गाडीनं चिंचवडला उतरायची, गळ्यात नळ्या अडकवून माळ चढून यायची. त्यांना शिकवायचं काम आमच्यासारख्या शिकाऊंचं. मी होते आणि माझ्यापेक्षा एक वर्ष वरचे उद्धवराव होते. उद्धवराव गोड माणूस, सगळ्यांना हवाहवासा. शिकवायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती काही त्यांनी काढलेली नव्हती, त्यांच्याआधीच्यांनी त्यांना तशीच शिकवली होती. तिला पोरं म्हणायची 'खाटा घोकणं'. परीक्षेला हेच पेशंट येणार हे सगळ्यांना ठाऊक. मग वॉर्डातून घोळका फिरवायचा आणि खाटेसमोर उभं राहून म्हणायचं, "तीन नंबर, काळजाची झडप. पाच नंबर, पाणथरी. सात नंबर, उजवीकडे पाणी, दुसरी बरगडी, नलिका डावीकडे. म्हणा बघू?" आणि ही घोडी एकसुरात म्हणायची. पाढे बरे त्यापेक्षा, पाढ्यांना निदान जीव नसतो.

"अहो उद्धवराव, त्यांना हात लावू द्या, ऐकू द्या," मी म्हणायची.

"काळभोरबाई, परीक्षा पास व्हायचीय त्यांना. ऐकायला आख्खा जन्म पडलाय."

माझं त्यावरून त्यांच्याशी रोज वाजायचं. मी माझ्या वाट्याच्या पोरांना वॉर्डाच्या दारातल्या रांजणाशी न्यायची. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि सांगायचं, वाजवा. वरून खाली बोटानं वाजवत या, आवाज बद्द झाला की थांबा, पाणी तिथंपर्यंत. रुमाल सोडा, आत बघा, खरं की खोटं. पोरं हसायची. "बाई, परीक्षेत रांजण येणार का?" म्हणायची. चार दिवसांत माझ्याकडची सगळी उद्धवरावांच्या घोळक्यात पळाली. एकटा मालोजी राहिला. वाकडच्या कलाट्यांचा मालोजी. आडदांड, बोलायला जड, पाठांतर शून्य. पण रांजण वाजवायला लागला की बोटभर चुकायचा नाही. एकदा मी मुद्दाम दोन तांबे पाणी कमी केलं, तर डोळे बांधलेले असताना म्हणाला, "बाई, कुणी पानी प्यालं का हितलं?"

परीक्षेला थोडेच दिवस राहिले असताना एका सकाळी मी वॉर्डात आले तर सात नंबरभोवती ही गर्दी. ज्योतीरामचा सदरा काढलेला. एक जण वाजवतोय, त्याचं झालं की दुसरा, की तिसरा. "काका, एक म्हणा. काका, श्वास धरा. काका, इकडे वळा." ज्योतीराम करतोय सगळं. छातीवर वाजवून वाजवून लाल चट्टे उठलेले आणि ओठ निळे. निळे म्हणजे निळे, जांभूळ खाल्ल्यासारखे. बोलताना दर शब्दाला थांबायचा आणि तरी म्हणत होता, "वाजवा, लेकरांनो, वाजवा."

"हटा!" मी ओरडले. "माणूस हाय का ढोलकी हाय रं त्यो? व्हा बाजूला!"

पोरं पांगली. मी त्याच्या पाठीशी उशा नीट लावल्या आणि म्हटलं, "ज्योतीराम, दम लागतो तर नाही म्हणायचं. तोंड नाही का तुम्हाला?"

"न्हाई कामून म्हनू, बाई?" तो म्हणाला. "मपली बी परीक्षा हाय की."

"तुमची कसली परीक्षा?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला जशी मीच वेडी. मग दम घेत घेत त्यानं सांगितलं. मोठ्या साहेबांसमोर त्याची परीक्षा होणार आहे. मुंबईचे डॉक्टर येणार आहेत. त्यांनी विचारलं की नीट बोलायचं, सांगतील तसा श्वास धरायचा, सांगतील तसं वळायचं. पास झाला की साहेब पाणी काढायचा हुकूम देणार. नापास झाला तर खाट दुसऱ्याला. म्हणून तो रोज सराव करत होता. पोरं जे जे विचारतात ते त्यानं ध्यानात ठेवलं होतं. दुपारी पोरं गेली की एकटाच श्वास धरून बघायचा.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उद्धव डाक्टरांनी. चांगला मानूस हाय."

मी उद्धवरावांना व्हरांड्यात गाठलं. ते चहा पीत होते.

"त्याला काय सांगितलंत तुम्ही?"

"अहो, तो रोज विचारायचा, पाणी कधी काढता, पाणी कधी काढता. म्हटलं, परीक्षेला नीट बस, मग काढू. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं हो! हाच तर संताप. प्रत्येक जण खरंच बोलत होता आणि मधल्यामधे तो माणूस बसल्या जागी बुडत होता. मी त्यांचा चहा कुंडीत ओतला. कपबशी फोडली नाही, कारण ती इस्पितळाची होती.

त्याच दिवशी साहेबांची मोटार आली तेव्हा मी दारातच उभी राहिले. सांगितलं की सात नंबरचे ओठ निळे पडतात, पाणी आज काढलं पाहिजे.

"परीक्षेनंतर."

"साहेब, तोवर त्याला काही झालं तर?"

"तर ते नशीब. तुम्ही शिकाऊ आहात, काळभोर. शिका." आणि हातमोजे काढत आत निघून गेले.

नशीब! मोटारीचं पंक्चर झालं तर यांचा ड्रायव्हर दोषी, आणि माणूस गुदमरला तर नशीब. त्या रात्री घरी मी ताट तसंच सारलं. आई म्हणाली, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, डोकं दुखतंय." आईला कळतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेब पुण्यात कागदपत्रांत अडकलेले होते. उद्धवराव मुंबईच्या पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर गेले. दुपारी वॉर्डात मी आणि यशोदा सिस्टर. यशोदा सिस्टर म्हणजे कमी बोलणारी बाई. मी तिला म्हटलं, "सुई उकळायला ठेवा, मोठी." तिनं विचारलं नाही कुणासाठी. पडदा आणून सात नंबरला लावला.

आणि ज्योतीराम नको म्हणाला!

"आज न्हाई, बाई. उद्या परीक्षा. आज काढलं तर उद्या साहेबांना काय दाखवू?"

मी त्याला समजावलं. आधी गोडीनं, मग आवाज चढवून. सांगितलं की परीक्षा पोरांची आहे, तुमची नाही. तुम्ही पासही व्हायचं नाही आणि नापासही. तो मान हलवत राहिला. त्याचं एकच म्हणणं. "बाई, पानी हाय तवर खाट हाय. पानी गेलं की मला कोन ठिवतंय?"

"मी ठेवते! मी आहे ना!" मी म्हटलं.

तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. डोळे पांढरे व्हायला लागले, हात हवेत काहीतरी धरायला बघत होते, आणि माझं मनगट त्यांना सापडलं. असं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी बोटांचे वण होते. उबळ ओसरल्यावर त्यानं मनगट सोडलं.

"थोडं ठिवा, बाई," तो म्हणाला. "परीक्षेपुरतं."

मी त्याला खाटेच्या कडेला बसवून समोरच्या टेबलावरच्या उशीवर ओणवा केला. पाठ बधिर करून दोन बरगड्यांच्या मधून सुई आत घातली आणि ओढलं. गव्हाच्या काडासारखं पिवळं, स्वच्छ पाणी आलं. सावकाश, थांबत थांबत काढावं लागतं, नाहीतर माणूस चक्कर येऊन पडतो. सिस्टर काचेच्या बरणीत ओतत होती. बरणी भरली, तिनं दुसरी आणली. मध्येच तो म्हणाला, "बाई, खिडकीतून वारं यायलंय का?" खिडकी बंद होती. ते वारं त्याच्याच छातीत शिरत होतं. माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही मला रागच आला, कारण हातात सुई होती.

तळाशी थोडं सोडून मी सुई काढली, टोचल्या जागी कापसाचा बोळा डिंकासारख्या औषधात बुडवून चिकटवला. ज्योतीराम त्या दिवशी आडवा झाला. कितीतरी आठवड्यांनी माणूस पाठ टेकून झोपला, आणि घोरला. अख्खा वॉर्ड ऐकत होता. बरण्या मी शेजारच्या तपासणीच्या खोलीत झाकून ठेवल्या. साहेबांनी सकाळी पेशंटला हात लावला असता तर त्यांना कळलंच असतं, आणि मी भोगायला तयार होते. पण साहेबांनी हात लावला नाही. त्यांच्याकडे कागद होता. त्यावर सगळं आधीच लिहिलेलं होतं.

सकाळी परीक्षा सुरू झाली. सात नंबरला सहा पोरं नेमलेली. खाटेशी खुर्चीवर मुंबईचे परीक्षक, सोनेरी चष्मा, गुडघ्यावर तो कागद. शेजारी साहेब उभे. मी पायथ्याशी, पेशंटचा सदरा वर-खाली करायला. आणि ज्योतीराम? ज्योतीराम उशांना टेकून बसला होता आणि धापा टाकत होता. मी आधी घाबरले. जवळ जाऊन हात धरला तर नाडी शांत. त्यानं मला डोळ्यानं खुणावलं, म्हणजे बाई, तुम्ही गप ऱ्हावा. रात्रभर ढाराढूर झोपलेला माणूस परीक्षकांसमोर खोटा दम काढत होता!

पहिलं पोरगं आलं. छातीवर दोन-चार ठिकाणी वाजवलं. "सर, उजवीकडे पाणी."

"कुठपर्यंत?"

"दुसऱ्या बरगडीपर्यंत, सर. दगडी आवाज."

"श्वासनलिका?"

"डावीकडे सरकलीय, सर."

चष्म्यानं कागद बघितला, मान हलवली. पुढचा. दुसरी बरगडी, दगडी आवाज, नलिका डावीकडे. पुढचा. तेच. एकानं तर घाईत डाव्या बाजूला वाजवलं आणि सांगितलं उजवीकडचं. ज्योतीराम प्रत्येकाला मदत करत होता, विचारायच्या आधीच धापा टाकायचा, "लई दम लागतंय, साहेब." पाच जणांनी तो आवाज ऐकला जो तिथं नव्हताच. पाचांपैकी एकानंही पाठ बघितली नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक होतं, मग पाठ कशाला बघायची? पहिल्या दोघांना मला हसू येत होतं. पाचव्यापर्यंत माझे कान तापले. उद्धवराव वॉर्डाच्या दाराशी उभे राहून समाधानानं मान डोलवत होते.

सहावा मालोजी.

त्यानं वाजवलं. थांबला. पुन्हा वरून खाली वाजवत आला. कपाळाला घाम. मग ज्योतीरामला म्हणाला, "काका, वाका पुढं," आणि पाठीमागे गेला. परीक्षक घड्याळ बघायला लागले.

"सर," मालोजी म्हणाला, "वर पानी न्हाई. तळाला थोडं हाय."

"काय?"

"पानी काढलंय, सर. पाठीला सुईची ताजी खूण हाय. कापूस बी हाय."

साहेब पुढे झाले. "नीट तपास. पाच जणांना मिळालं आणि तुलाच मिळत नाही?"

मालोजीचं तोंड लाल झालं. त्यानं पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच म्हणाला, पण आवाज खाली गेला. परीक्षकांनी ज्योतीरामला विचारलं, "काय रे, दम लागतो का?"

"लागतंय की, साहेब! लई!" आणि त्यानं अशी धाप लावली की शेजारच्या खाटेवरचा उठून बसला.

परीक्षकांनी पेन काढलं. "बसा. पुढच्या खेपेला या," असं मालोजीला म्हणाले, अगदी प्रेमानं.

मग मी तिथं थांबले नाही. तपासणीच्या खोलीत गेले, दोन्ही बरण्या उचलल्या, आणल्या, आणि परीक्षकांच्या समोरच्या टेबलावर आदळल्या. पाणी हिंदकळलं आणि थोडं त्यांच्या कागदावर सांडलं.

"ह्ये घ्या तुमचं दुसऱ्या बरगडीपर्यंतचं पानी! काल काढलंय म्या. त्या पाच जणांना इचारा, कुठं ऐकलं त्यांनी? बरणीत कान घातला व्हता व्हय?"

परीक्षकांनी ओला कागद बाजूला सारला. मग उठले, चष्मा सारखा केला, आणि पहिल्यांदा, त्या सबंध सकाळी पहिल्यांदा, त्या माणसानं ज्योतीरामच्या छातीवर स्वतःचा हात ठेवला. वाजवलं. पाठ बघितली. परत खुर्चीत बसले. चेहरा पडला होता, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते.

साहेब मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "कुणाच्या परवानगीनं पाणी काढलंत?"

"त्याच्या."

"मी विचारतोय, कुणाच्या परवानगीनं?"

"ज्याची छाती त्याच्या! आणि तुम्ही मला विचारताय? त्यांना विचारा की, नसलेलं पाणी त्यांना सापडलं कसं! उद्या खरं असलेलं सापडायचं नाही, तेव्हा कुणाचं नशीब म्हणणार?"

साहेबांनी त्यांना विचारलं नाही. परीक्षकांशी इंग्रजीत कुजबुज झाली आणि निकाल लागला. सात नंबर परीक्षेतून रद्द. सहाही पोरांना दुसरी खाट. त्यांना पाच नंबरची पाणथरी मिळाली. ती खरंच बेंबीपर्यंत होती, आंधळ्यालाही लागली असती. सहाही पास झाले. मालोजी पास झाला, चांगलं झालं. पण ते पाचही झाले, आणि आता पाट्या लावून बसलेत. देव करो आणि तुमच्या छातीवर त्यांचा हात न पडो.

मला दुपारी काढून टाकलं. त्याचं मला काही नाही, मी ते धरूनच चालले होते. पण जाताना साहेब एक वाक्य बोलून गेले, उद्धवरावांना, माझ्याकडे न बघता. "सात नंबर रिकामी करा. आता तिथं काय आहे?"

तिथं माणूस होता! क्षयाचा रोगी, महिनोन्‌महिने सुया लागणारा. पण पाणी नव्हतं. घरी सोडायच्या कागदावर मी सही करणार नाही म्हटलं, तर उद्धवरावांनी केली. "काळभोरबाई, माझाही नाइलाज आहे हो," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या पाण्याचं मी काय करू? मी सिस्टरकडून ज्योतीरामच्या उरलेल्या सुया मागून घेतल्या. तिनं कपाटातल्या आणखी काही पिशवीत टाकल्या आणि पाठ फिरवली.

ज्योतीराम माझ्याशी बोलत नव्हता. घोंगडी बगलेत, टमरेल हातात. मी सांगितलं की आकुर्डीला चला, आमच्या मळ्यात एक खोली आहे, सुया मी रोज टोचीन, आमचा बाप बोंब मारील पण दोन दिवसांत गप बसेल. तो नुसता चालत होता. माळ उतरत होता भराभर, माझ्या पुढे. जो माणूस खाटेवरून मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरायचा, तो बिनधाप चालत होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"म्या सांगितलं व्हतं, बाई," शेवटी बोलला. "म्हनलं व्हतं, थोडं ठिवा."

मी त्याची घोंगडी घ्यायला हात पुढे केला, तर त्यानं ती दुसऱ्या बगलेत सरकवली.

फाटकाशी आलो तर मागून साहेबांची मोटार आली. मुंबईचे पाहुणे आत बसलेले. आम्ही कडेला झालो. मोटार जवळ आली तशी ज्योतीरामनं घोंगडी खाली टाकली, एका हातानं फाटक धरलं, दुसरा छातीवर ठेवला, आणि वाकून धापा टाकायला लागला. तोंड उघडं, खांदे वर-खाली, डोळे मोटारीच्या काचेवर. धूळ उडवत मोटार गेली, सडकेला लागली, पुण्याकडे वळली. तो थांबेना.

"पुरे करा," मी ओरडले. "गेले ते! गेले!"

त्यानं मान वर केली, तोंड पुसलं. श्वास अगदी सरळ चालला होता.

"बघितलं का पर त्यांनी?" त्यानं मला विचारलं.